बिल्ड टूलवरचा टॉक दर वेळी विसाव्या मिनिटाला का अडकतो?

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते ठरवता येईल. टीममध्ये, कॉलेजात किंवा शनिवारच्या एखाद्या मीटअपला तुम्ही 'ग्रेडलची तोंडओळख' असा टॉक ठेवता. ग्रेडल म्हणजे सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवून देणारं एक बिल्ड टूल. पहिली दहा मिनिटं लोक माना डोलावतात. पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगेत मोबाइल निघतात. विसाव्या मिनिटाला डेमो सुरू होतो आणि पडद्यावर डाउनलोडचे टक्के मुंगीच्या पावलांनी सरकायला लागतात. तुम्ही म्हणता, "काल रात्री घरी व्यवस्थित चाललं होतं." कुणीतरी सहानुभूतीने हसतं. शेवटी "काही प्रश्न?" आणि मग फक्त पंख्याचा आवाज.

मी हा टॉक पुण्यात पाच वेळा दिलाय. दोनदा आधीच्या ऑफिसात, एकदा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, दोनदा मीटअपला. पहिले तीन पडले. दर वेळी वाटलं की या खेपेला कारण वेगळं होतं: कधी नेट, कधी प्रोजेक्टर, कधी जेवणानंतरची वेळ. खाली जे लिहिलंय ते ग्रेडलच्या उदाहरणाने आहे, कारण माझं पोट जावावर चालतं. पण मेव्हन, सीमेक किंवा बेझल अशा दुसऱ्या बिल्ड टूलवर बोलणाऱ्यांनाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी निदान: मशीन पडलं की माणसं?

टॉक दोन ठिकाणी पडू शकतो. एक तर डेमो पडतो, नाहीतर डेमो चालतो आणि श्रोते पडतात. पहिला प्रकार सगळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याच्याच मागे लागतो. हॉटस्पॉट आणतो, दुसरा लॅपटॉप आणतो, डेमोचा व्हिडिओ करून ठेवतो. हे सगळं करावंच. पण स्वतःला एक प्रश्न विचारा: डेमो लोण्यासारखा चालला असता, तर कुणी काही विचारलं असतं का?

माझ्या दुसऱ्या टॉकला डेमो खरंच तसा चालला. एकही एरर नाही. तरी शांतता तीच. नंतर चहाच्या मशीनपाशी टीममधले एक ज्येष्ठ म्हणाले, "सगळं छान होतं गं. पण आत्तापर्यंत आपलं चाललंच होतं की. मग हे कशाला?" मला राग आला होता. दोन दिवसांनी लक्षात आलं की चाळीस मिनिटांत मी नेमकं हेच सांगितलं नव्हतं.

तुमचा डेमो चालतोय पण चेहरे कोरे आहेत, असं असेल तर पुढचे दोन भाग नीट वाचा. फक्त मशीनच दगा देत असेल, तर सरळ नेट आणि जावाच्या भागावर जा.

लक्षण: डेमो चालला, चेहरे कोरे

याचं कारण आपण काय दाखवतो त्यात आहे. बहुतेक तोंडओळखींमध्ये बिल्ड फाइल उघडली जाते. हा प्लगिन्सचा ब्लॉक, हा रिपॉझिटरीजचा, हा डिपेन्डन्सीजचा, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्यांचा. मग बिल्ड चालवला, 'बिल्ड सक्सेसफुल' आलं, टाळ्या. समोरच्याच्या दृष्टीने तुम्ही एक फाइल दाखवली आणि शेवटी हिरवी अक्षरं आली. असली हिरवी अक्षरं त्याच्या आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, बटण दाबलं की रोज येतात.

बिल्ड टूल ज्या आजारावरचं औषध आहे, तो आजारच आपण दाखवत नाही. आणि तो दाखवायला चांगलं साहित्य हाताशी आहे.

मेक हे टूल १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. झालं असं की स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे याक हे पार्सर बनवणारं टूल लिहिणारे, एके दिवशी चिडून त्यांच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ एका बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधला बग शोधण्यात गेली होती. बग आधीच दुरुस्त केलेला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती, त्यामुळे जोडलं जात होतं ते जुनंच ऑब्जेक्ट, म्हणजे आधीच्या कंपाइलमधून निघालेली फाइल. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी असल्याच घोळात अडकले होते. त्या शनिवार-रविवारी मेक तयार झालं. याच कामासाठी २००३ साली त्यांना एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट नुसती सांगू नका. ती पडद्यावर घडवा. जावामध्ये हे पाच मिनिटांत होतं, आणि माझा चौथा टॉक वाचला तो यामुळे.

दोन क्लास घ्या. एकाचं नाव 'दर'. त्यात एकच ओळ: करदर १२, स्टॅटिक फायनल इंट म्हणून. दुसरा 'बिल'. तो हजार रुपयांवर दर लावून एकूण रक्कम छापतो. दोन्ही हाताने कंपाइल करा, चालवा. ११२० येतं. आता श्रोत्यांसमोर १२ चे १८ करा. मग फक्त बदललेली फाइल कंपाइल करा, कारण 'बदललीय ती एकच आहे ना?' आणि बिल चालवा.

पडद्यावर पुन्हा ११२०.

इथे थांबा. काही बोलू नका. पहिल्या रांगेतला कुणीतरी "फाइल सेव्ह केली का?" असं विचारतो. फाइल उघडून १८ दाखवा. कुणीतरी म्हणतं, क्लास फाइल, म्हणजे कंपाइल करून निघालेली फाइल, जुनी असेल. 'दर'च्या क्लास फाइलची वेळ दाखवा, ताजी आहे. आता सगळा हॉल जॉन्सन यांच्या जागी असतो. मग कारण सांगा: असा स्थिरांक दिसला की जावाचा कंपायलर त्याची किंमत वापरणाऱ्या क्लासमध्ये थेट उतरवून ठेवतो. 'बिल'च्या पोटात १२ हा आकडा कोरलेला आहे आणि 'दर' क्लासकडे तो चालताना बघतही नाही. म्हणून 'दर' बदलला की 'बिल'ही पुन्हा कंपाइल व्हायला हवा, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. दोन फाइली असतील तर तुम्ही ठेवाल. दोन हजार असतील तर?

मग तोच बदल ग्रेडलच्या प्रोजेक्टमध्ये करा. फाइल एकच बदला आणि बिल्ड चालवा. ११८० येतं. कुठल्या फाइलींवर परिणाम होतो हे तुम्ही सांगितलेलं नसतं, ते ग्रेडल स्वतः पाहतं.

एक सूचना अनुभवातून. एका तालमीत मी 'फायनल' लिहायला विसरले आणि पहिल्याच झटक्याला ११८० आलं, म्हणजे आजारच होईना. फायनल हवंच, आणि किंमत थेट आकड्यात हवी. एखाद्या मेथडमधून आणली तर ती अशी उतरवली जात नाही. हाताने कंपाइल करतानाही फक्त 'दर'चीच फाइल द्या. स्टार टाकून सगळ्या दिल्यात तर जादू गायब.

दुसरा अर्धा: काम न केलेलं कसं दाखवायचं

जुनं उत्तर येऊ न देणं हे बिल्ड टूलचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे जे करायची गरज नाही ते न करणं. अडचण अशी की न केलेलं काम पडद्यावर दिसत नाही.

इथे ग्रेडल स्वतःच आपल्या पायात पाय घालतं. नेहमीच्या टर्मिनलमध्ये त्याचा डीफॉल्ट कन्सोल 'अप-टू-डेट' टास्कच्या, म्हणजे पुन्हा करायची गरज नसलेल्या कामांच्या, ओळी दाखवतच नाही. खाली एक ओळ येते, इतके टास्क, त्यातले इतके अप-टू-डेट, आणि तीही बारीक अक्षरात. तुम्ही उत्साहाने सांगत असता की बघा, दुसऱ्यांदा काहीच कंपाइल झालं नाही. समोरच्याला रिकामा पडदा दिसतो. माझ्या पहिल्या टॉकमध्ये अगदी हेच झालं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं.

उपाय: डेमोच्या प्रत्येक कमांडला कन्सोलचा 'प्लेन' पर्याय जोडा, किंवा ग्रेडल प्रॉपर्टीज फाइलमध्ये तो एकदाच लिहून ठेवा. मग प्रत्येक टास्क आपल्या ओळीवर येतो आणि पुढे शिक्का असतो: अप-टू-डेट, नो-सोर्स, फ्रॉम-कॅश. प्रोजेक्टरवर नाचणारी प्रगतीची पट्टीही जाते, हा वरचा फायदा.

आता तीन बदल, याच क्रमाने.

पहिला: काहीच न बदलता बिल्ड पुन्हा चालवा. ओळीमागून ओळ अप-टू-डेट. हे अपेक्षितच होतं, कुणी चकित होत नाही.

दुसरा: फाइलची फक्त वेळ बदला, टच कमांडने. मेक असतं तर पुन्हा कंपाइल केलं असतं, कारण ते फाइलच्या वेळा बघतं. वेळ असेल तर छोटी मेकफाइल जवळ ठेवून तेही दाखवा. ग्रेडल मजकुराचा ठसा घेतं, त्यामुळे ते जागचं हलत नाही. इथे दोन-चार भुवया वर जातात.

तिसरा माझा आवडता. कोडच्या एखाद्या ओळीच्या शेवटी कॉमेंट लिहा. नवी ओळ टाकू नका, आहे त्याच ओळीच्या शेपटाला लिहा. बिल्ड चालवा. कंपाइल जावा हा टास्क चालतो, कारण सोर्स बदललाय. पण पुढचा, क्लास फाइलींचं गाठोडं बांधणारा जार टास्क अप-टू-डेट! टेस्टही अप-टू-डेट! का, ते श्रोत्यांनाच विचारा. कॉमेंट क्लास फाइलमध्ये जात नाही, म्हणून कंपाइल होऊनही निघालेली क्लास फाइल बाइटला बाइट तीच आहे. त्यामुळे पुढच्या टास्कच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. मग कॉमेंट वेगळ्या ओळीवर टाकून दाखवा. आता जार पुन्हा बनतो, कारण खालच्या कोडचे ओळ क्रमांक सरकले आणि ते डीबगसाठी क्लास फाइलमध्ये नोंदलेले असतात.

या तीन बदलांना माझी साधारण आठ मिनिटं जातात आणि इनपुट, आउटपुट, टास्क, अवलंबन या चारही कल्पना त्यात येऊन जातात, एकही व्याख्या न देता. पूर्वी मी यांच्या चार स्लाइड्स दाखवायचे. त्या काढल्या.

इथे हमखास एक आवाज येतो: "पण आम्ही तर नेहमी क्लीन करूनच, म्हणजे आधीचं सगळं पुसूनच, बिल्ड मारतो." मेव्हनवाल्यांच्या बोटांना 'क्लीन इन्स्टॉल' इतकं सवयीचं झालंय की दोन्ही शब्द मिळून एकच कमांड आहे असं काहींना वाटतं. हा आवाज आला तर देव पावला असं समजा. लोक क्लीन का करतात? कधीतरी जुनं उत्तर मिळालेलं असतं म्हणून. एकदा दुधाने तोंड पोळलं, आता ताकही फुंकून प्यायचं. ग्रेडलसमोर क्लीन करून दाखवा, मग बिल्ड. सगळे टास्क पुन्हा धावतात आणि वेळ दोन्ही वेळची पडद्यावर असतेच. माझ्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना जे उत्तर हवं होतं ते हेच होतं. 'चाललंच होतं', ते दर वेळी सगळं पुसून पहिल्यापासून केल्यामुळे चाललं होतं.

लक्षण: पडद्यावर डाउनलोडचे टक्के

आता मशीनची बाजू. तिसरा टॉक कॉलेजच्या लॅबमध्ये होता, तीस मशीन, प्रत्येकाने स्वतः करून बघायचं असा माझा थाट. रॅपर, म्हणजे प्रोजेक्टसोबत येणारी छोटी स्क्रिप्ट, चालवला की तो त्या प्रोजेक्टला हवी ती ग्रेडलची आवृत्ती स्वतः उतरवून घेतो. टूल हाताने बसवावं लागत नाही, ही त्याची मोठी सोय. पण ती झिप शंभर एमबीच्या वर असते. तीस मशीन एकाच मिनिटाला ती उतरवायला लागली म्हणजे तीन जीबीच्या वर, कॉलेजच्या एका लाइनवरून. त्यात मध्ये प्रॉक्सी. बत्तीस मिनिटांनी मी फळ्यावर खडूने शिकवत होते.

स्वतःच्या मशीनवर करायचं ते असं. टॉकमध्ये जे टास्क दाखवणार आहात ते सगळे आधी एकदा नेट चालू असताना चालवा. सगळे म्हणजे सगळे. फक्त कंपाइल चालवून ठेवलं आणि मंचावर टेस्ट दाखवायला गेलात, तर टेस्टच्या लायब्रऱ्या उतरलेल्याच नसतात आणि 'ऑफलाइन मोडसाठी साठवलेली आवृत्ती नाही' अशा अर्थाची लाल ओळ येते. नंतर प्रत्यक्ष टॉकमध्ये 'ऑफलाइन' पर्याय लावूनच चालवा, म्हणजे ग्रेडल नेटकडे वळूनही बघत नाही. लायब्ररीची आवृत्ती 'जी नवी असेल ती' अशी लिहू नका, नेमकी लिहा.

लॅबमध्ये सगळ्यांकडून करवून घ्यायचंच असेल तर ग्रेडलची झिप पेनड्राइव्हवर किंवा लॅबच्या सर्व्हरवर ठेवा आणि रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमधला डिस्ट्रिब्यूशनचा पत्ता तिकडे वळवा. तिथे स्थानिक फाइलचा पत्ताही चालतो. प्रॉक्सी असेल तर तिची नोंद ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये करावी लागते, आणि एचटीटीपी व एचटीटीपीएस या दोघांसाठी वेगवेगळी. पहिलीच लिहून दुसरी विसरणं हा इथला ठरलेला अपघात आहे, कारण आजकाल सगळं उतरतं ते दुसरीवरून.

खरं सांगायचं तर पाऊण तासाच्या ओळखीत प्रत्येकाला करायला लावूच नये, असं आता माझं मत झालंय. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा.

पहिला बिल्ड रेंगाळतो, ती तक्रार छोटी आहे. ग्रेडलचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालत राहणारा त्याचा प्रोग्रॅम, उठतो त्याला वेळ लागतो. एकदा उठला की पुढचे बिल्ड झपाट्याने होतात. टॉकआधी एकदा चालवून त्याला गरम करून ठेवा. तीन तास काही काम नसेल तर तो आपणहून झोपतो, त्यामुळे सकाळी नऊला गरम करून दुपारी दोनला बोलायला उभं राहू नका.

लक्षण: क्लास फाइलच्या आवृत्तीची तक्रार

'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. हा संदेश बघून नवखा माणूस आपला कोड तपासायला लागतो. कोडचा यात काही दोष नाही. त्या आकड्यातून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते: ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५२ म्हणजे ८. संदेशाचा अर्थ एवढाच की तुमचं ग्रेडल तुमच्या जावापेक्षा जुनं आहे. जावा १७ वर चालायला ग्रेडल किमान ७.३ लागतं, जावा २१ वर ८.५. उलट बाजूही आहे: ग्रेडल ९ चालवायलाच किमान जावा १७ हवं.

"पण माझ्या मशीनवर तर १७च आहे!" असं म्हणून जो जावाची आवृत्ती छापून दाखवतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा दोन जावा असतात. कमांड लाइनवर जावा विचारलं की पाथमधलं उत्तर देतं. ग्रेडल आधी जावा होम या व्हेरिएबलकडे बघतं. म्हणून जावाला विचारू नका, ग्रेडललाच त्याची आवृत्ती विचारा. आपण कुठल्या जावावर चालतोय ते ते स्वतः छापतं.

लिनक्स किंवा मॅकवर रॅपर चालवताना 'परमिशन डिनाइड' आलं तर फाइलचा एक्झिक्यूट हक्क गेलाय. झिपमधून किंवा पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या प्रोजेक्टमध्ये हे नेहमी होतं. सीएचमॉड कमांडने तो परत द्या, पुढे चला.

लक्षण: लोक घरी जाऊन म्हणतात, तुमचं उदाहरण चालत नाही

स्लाइड्स जुन्या आहेत. ग्रेडलच्या बाबतीत हे फार लवकर होतं. डिपेन्डन्सीसाठी 'कंपाइल' हा शब्द कितीतरी ट्यूटोरिअलमध्ये अजून दिसतो, पण २०२१ साली ग्रेडल ७ मध्ये तो काढून टाकला. त्याच्या जागी 'इम्प्लिमेंटेशन'. जेसेंटरचा, म्हणजे लायब्रऱ्यांच्या बंद झालेल्या साठ्याचा, पत्ता दिसला तर तो उडवा आणि मेव्हन सेंट्रल लिहा. बिल्ड फाइल ग्रूव्ही भाषेत दाखवायची की कॉटलिनमध्ये, हा वाद मी २०२३ नंतर सोडून दिलाय. नव्या प्रोजेक्टसाठी ग्रेडल स्वतःच आता कॉटलिन पुढे करतं. ज्यांच्या ऑफिसात जुन्या ग्रूव्ही फाइली आहेत त्यांना एक स्लाइड शेजारी शेजारी दाखवा, बस.

स्लाइडवर कोड हाताने टाइप करू नये. 'इनिट' टास्कने कोरा प्रोजेक्ट बनवा, तो चालतोय हे बघा आणि त्यातूनच ओळी उचला. लोक स्लाइडचा फोटो काढतात आणि तो फोटो तुमच्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

घरी गेल्यावर आदळण्याची दुसरी जागा म्हणजे बिल्ड फाइलमध्ये लिहिलेली प्रिंटची ओळ. माणूस ती लिहितो, कुठलाही टास्क चालवतो, आणि ती छापली जाते. मग त्याला वाटतं सगळेच टास्क धावतायत. ग्रेडल आधी सगळी बिल्ड फाइल वाचून आराखडा बांधतं आणि मग हवे ते टास्क चालवतं. ती ओळ वाचण्याच्या वेळी छापली गेली. हे सांगायला दीड मिनिट पुरतं. यावर अख्खा भाग रचू नका, तोंडओळखीत हे झेपत नाही.

लक्षण: पंधराव्या मिनिटाला मोबाइल

नमनाला घडाभर तेल. माझ्या पहिल्या टॉकमध्ये मेक १९७६, अँट २०००, मेव्हन २००४, ग्रेडल २०१२ अशा चार स्लाइड्स होत्या, प्रत्येकीवर लोगो. एकालाही त्यातलं काही आठवलं नाही. इतिहास मला स्वतःला आवडतो म्हणून तो होता, श्रोत्यांना लागतो म्हणून नव्हे.

आता जॉन्सन यांची गोष्ट तेवढी ठेवते, कारण तिला डेमो जोडलाय. बाकीचं प्रश्नोत्तरांसाठी. मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच का लागतो, स्पेस का चालत नाही, हा प्रश्न सी लिहिणारा कुणी असला तर येतोच. टॅब घेतला कारण तसं लिहिणं सोपं गेलं. आणि काही आठवड्यांत तो बदलावासा वाटला तेव्हा फेल्डमन यांच्याकडे डझनभर वापरणारे झाले होते, त्यांची मोडतोड नको म्हणून राहू दिला. त्या डझनभर लोकांची सोय आपण अजून 'मिसिंग सेपरेटर' या एररच्या रूपाने फेडतोय. हॉल हसतो. प्रश्न विचारणाऱ्यांची भीड चेपायला हे फार उपयोगी पडतं, पण सुरुवातीला वापरलंत तर वाया जातं.

वेळ अशी वाटते, एकूण चाळीस मिनिटांपैकी: ११२०चा प्रयोग आणि गोष्ट दहा मिनिटं, तीन बदल आणि क्लीनची चर्चा दहा ते बारा, बिल्ड फाइल सहा, रॅपर आणि जावाच्या आवृत्त्या पाच. उरलेलं प्रश्नांना. बिल्ड फाइल सगळ्यांत आधी दाखवायचा मोह मला अजूनही होतो. तिसऱ्या भागात ती आली की लोक तिच्याकडे 'हे तिला कुठून कळलं?' अशा नजरेने बघतात. आधी आली की फॉर्म भरल्यासारखं बघतात.

"आमचं मेव्हन चाललंय, बदलू का?" हा प्रश्न येणारच. माझं उत्तर: छोटा प्रोजेक्ट असेल, बिल्डला मिनिटभर लागत असेल आणि टीमला मेव्हन पाठ असेल, तर नका बदलू. हे मोकळेपणाने सांगितल्यावर उलट जास्त लोक टॉकनंतर येऊन थांबले. विकायला आलेला माणूस आणि सांगायला आलेला माणूस यांच्यातला फरक आपल्याकडे लोकांना लगेच कळतो.

प्रोजेक्टरचं

टर्मिनलची अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. काळ्या पडद्यावरची लाल एरर शेवटच्या रांगेला दिसत नाही, आणि कधी कधी तेच बरं असतं. ऑफिसच्या चॅटचे नोटिफिकेशन बंद करा. माझ्या एका टॉकमध्ये 'साबुदाणा वडे संपत आले, खाली ये' असा संदेश पूर्ण पडद्यावर झळकला होता, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त हशा त्यालाच मिळाला.

दुरुस्त झालं का, हे कसं बघायचं

आदल्या रात्री लॅपटॉपवर नवा यूजर अकाउंट बनवा. तुमच्या नेहमीच्या अकाउंटमध्ये वर्षभराच्या लायब्रऱ्या साठलेल्या असतात, तिथे सगळंच चालतं. 'काल रात्री घरी चाललं होतं' याचा उगम तोच. नव्या अकाउंटमधून प्रोजेक्ट कॉपी करा, नेट चालू ठेवून सगळे टास्क एकदा चालवा. मग वायफाय बंद. मोबाइलचा हॉटस्पॉटही बंद. आता पहिल्या कमांडपासून शेवटच्यापर्यंत, मोठ्याने बोलत, घड्याळ लावून.

पाचव्या टॉकच्या आदल्या रात्री मी हे केलं तेव्हा बिल्ड ऑफलाइन झाला, टेस्ट मात्र एक पडली. अर्धा तास ग्रेडलच्या सेटिंग शोधल्यावर कळलं की ती टेस्ट मीच कधीतरी लिहिली होती आणि ती चलनाचा दर आणायला इंटरनेटवर जात होती. ती काढली, पुन्हा वायफाय बंद करून चालवलं, आणि साडेअकराला झोपले.